अपूर्ण चित्रांचा तास

तापीतीर विद्यालयात रोज पहिला तास चित्रकलेचा असे. सहावीची मुलं रांगेनं आत येत, दाराजवळच्या पेटीतून आपापली पट्टी उचलत, ती कपाळाला बांधत आणि फलकापुढे बसत. पट्टी कापडाचीच होती, खेळाडू घाम टिपायला बांधतात तशी. फक्त तिच्या आतल्या बाजूला मसुरीच्या दाण्याएवढे धातूचे ठिपके शिवलेले होते. फलक जुन्या पाटीच्या आकाराचा, पांढराशुभ्र. लेखणी टेकवली की रंग उमटे, जोर दिला की गडद होई, बोटानं चोळलं की पसरे.

नलिनी भावसार मॅडम वर्गाच्या मागे उभ्या राहत. काय काढायचं हे त्यांनी सांगायचं नाही, असा नियम होता. मुलं आपापलं काढायला लागत. थोड्या वेळानं कुणा एकाचा फलक आपोआप कोरा होई. घंटा नाही, सूचना नाही. झाडाला फांद्या फुटलेल्या असत, पानं अजून यायची असत, आणि झाड नाहीसं होई. ते मूल लेखणी खाली ठेवी, उठे आणि शेजारच्या खोलीत गणिताच्या तासाला जाऊन बसे. मग दुसऱ्याचा फलक कोरा होई, मग तिसऱ्याचा. कुणी कुरकुरत नसे. पहिलीपासून त्यांनी हेच पाहिलं होतं. चित्र मधेच जातं, हे त्यांच्या लेखी पाणी ओलं असण्याइतकं साधं होतं.

पूर्वी असं नव्हतं. रावेरच्या अलीकडच्या त्या गावात नलिनी मॅडम नोकरीला लागल्या तेव्हा चित्रकलेचा तास शनिवारी सर्वांत शेवटी असे, आणि तोही क्वचितच हाती लागे. गणिताचे चौधरी सर दारात येऊन उभे राहत. "मॅडम, जरा तुमचा तास घेऊ का? अपूर्णांक राहिलेत." नलिनी मॅडम खडूचे हात पुसत बाहेर पडत. सर वाईट नव्हते. अपूर्णांक खरंच राहिलेले असत. पण वर्षानुवर्षं असं चाललं की माणसाला आपण शाळेत उगाच आहोत असं वाटायला लागतं, तसं त्यांना वाटायला लागलं होतं.

मग अध्ययन-संवर्धन मंडळानं पट्ट्या पाठवल्या. त्यांच्याबरोबर पुण्याहून डॉ. केतकी राजहंस आली. मेंदूचा अभ्यास करणारी, तिशीतली, भराभर बोलणारी बाई. मुलांच्या मेंदूत शिकवलेलं केव्हा मुरतं आणि केव्हा नुसतंच वाहून जातं, ते तिला मोजायचं होतं. मोजायचं होतं गणित आणि विज्ञान. चित्रकला तिच्या यादीत नव्हतीच. पण एका शनिवारी चौधरी सरांची मोटरसायकल वाटेत बंद पडली. तास उलटसुलट झाले, चित्रकला आधी झाली, आणि मुलांच्या कपाळाच्या पट्ट्या काढायच्या राहून गेल्या.

सोमवारी केतकी राजहंस नलिनी मॅडमना शोधत आली. तिच्या हातातल्या पडद्यावर एक रेघ होती. बराच वेळ सपाट, मग डोंगर चढावा तशी वर गेलेली.

"हे काय आहे माहितीय मॅडम? तुमची मुलं चित्र काढत असताना मेंदूत एक लाट उठते. ती वर असताना जे शिकवाल ते आत जाऊन बसतं. शनिवारी चौधरी सरांनी जे गणित शिकवलं, ते या मुलांना आज तोंडपाठ आहे."

"तोंडपाठ म्हणजे?"

"म्हणजे कळलंय. नीट कळलंय."

त्या लाटेला केतकीनं 'ऊर्मी' असं नाव दिलं. पुढे ते नाव पाठ्यपुस्तकांत आलं, वर्तमानपत्रांत आलं, पालकांच्या तोंडी बसलं. आज ऊर्मी किती होती, असं आया मुलांना विचारू लागल्या.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीपुढे बोलायला नलिनी मॅडमना पुण्याला बोलावलं. त्या जाताना मुलांच्या चित्रांचा एक मोठा गठ्ठा घेऊन गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आपलं ऐकून घेणार होतं. समितीचे अध्यक्ष सभ्य होते. त्यांनी पाणी विचारलं, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि मग म्हणाले, "मॅडम, कलेचा उपयोग काय, तेवढं थोडक्यात सांगा."

नलिनी मॅडमच्या मनात सांगण्यासारखं पुष्कळ होतं. जिच्या घरात बाप दारू पिऊन धिंगाणा घालतो त्या मुलीनं काढलेलं निळं घर होतं. वर्षभर एक शब्द न बोललेला आणि तरी हत्ती काढून दाखवणारा मुलगा होता. पण भिंतीवर केतकीची ती रेघ लावलेली होती आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. त्यांनी रेघेकडे बोट केलं. "चित्र काढणारी मुलं गणित लवकर शिकतात," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी मान डोलावली. गाठ न सोडताच गठ्ठा परत आला.

त्या जूनपासून राज्यभर चित्रकला रोज आणि पहिल्या तासाला सुरू झाली. नलिनी मॅडमनी शाळेत पेढे वाटले. चौधरी सरांनी दोन घेतले आणि हसून म्हणाले, "आता मीच तुमच्या दारात रांग लावायची." पहिली दोन वर्षं खरोखर सोन्यासारखी गेली. रंग आले, माती आली, मोठमोठे कागद आले. व्हरांड्याच्या भिंतीवर सातवीच्या मुलांनी आख्खा केळीचा बाजार रंगवला. त्यात माल तोलणारे, हुज्जत घालणारे आणि ट्रकवर झोपलेले सगळे होते. गावातली माणसं येऊन त्यात आपापले चेहरे शोधत.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी केतकी पुन्हा आली. या वेळी ती जरा अवघडलेली होती.

"चित्र पूर्ण झालं की ऊर्मी ओसरते, मॅडम. मूल मागे सरकून चित्राकडे बघतं, त्याला बरं वाटतं आणि मेंदू दार लावून घेतो. मग गणित बाहेर उभं राहतं."

"त्याला बरं वाटतं, हे वाईट का?"

"वाईट नाही. पण ती सगळी ताकद चित्रावरच खर्च होते. पुढच्या तासाला उरत नाही."

"अगं, चित्रासाठीच तर ती उठते."

केतकी हळू आवाजात म्हणाली, "समितीला तुम्ही जे सांगितलंत त्यावर हा तास मिळालाय, मॅडम. त्यावरच तो टिकणार."

कागद गेले आणि फलक आले. ऊर्मी शिगेला पोचली, की चित्र पूर्ण होण्याच्या किंचित आधी, फलक कोरा होई. प्रत्येक मुलाची वेळ वेगळी. पट्टीला ती कळे. चित्र साठवून ठेवायचं नाही, कारण ते पुन्हा दिसलं तरी मन तिथं जाऊन स्वस्थ होतं. व्हरांड्यातल्या केळीच्या बाजारावर पांढरा रंग दिला गेला. तक्रार करावी तर कुणाकडे? तास रोज होता. पगार वाढला होता. 'कलाशिक्षणाचं महत्त्व' या विषयावर मंत्री भाषणं देत होते. आणि गणिताचे निकाल असे लागत होते, की शेजारच्या राज्यांतून माणसं शाळा बघायला येत होती.

काहीतरी बिनसलंय हे सर्वांत आधी ओळखलं ते चौधरी सरांनी. मधल्या सुट्टीत ते वह्या घेऊन नलिनी मॅडमच्या टेबलाशी आले.

"हे बघा. अवघड गणित आहे. पोरानं काय सुरेख सोडवलंय. आता शेवटी बघा."

शेवटी उत्तर नव्हतं. एका पायरीचं काम राहिलं होतं आणि खाली जागा मोकळी होती.

"विसरला असेल."

"सगळेच विसरतात? विचारलं तर तोंडी सांगतात. लिहीत नाहीत. पेपर तपासणारं यंत्र पायऱ्यांवरून गुण देतं, त्यामुळे निकालात दिसत नाही." सरांनी वही मिटली. "खेळातही तेच. कबड्डी रंगात आली की मधेच निघून जातात. माझी नात ताटावरून अर्धी उठते. पोट भरलं का विचारलं तर म्हणते, माहीत नाही."

दोघांनी मिळून मंडळाला कळवलं. उत्तर नम्र होतं. निरीक्षणाची नोंद घेतली आहे, ग्रहणक्षमतेवर विपरीत परिणाम आढळलेला नाही.

नसीमा तडवी त्याच वर्षी शाळेत आली. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा पाडा होता. तिथली चौथीपर्यंतची शाळा मंडळाच्या योजनेत नव्हती. नसीमा तिथं कोळशानं दगडांवर चित्रं काढायची. बाप केळीच्या वखारीत कामाला लागला, म्हणून घर इकडे हललं आणि ती पाचवीत दाखल झाली. पहिल्या दिवशी फलक कोरा झाला तेव्हा ती रडली. असं रडणारं मूल नलिनी मॅडमनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पुढे ती रडायची थांबली आणि मॅडमना त्याचंच वाईट वाटलं.

सहावीत मात्र त्यांच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. बाकीची मुलं रोज नवं काहीतरी सुरू करत. नसीमाच्या फलकावर तुकडे दिसत. एक दिवस नुसती बैलांची शिंगं आणि जू. दुसऱ्या दिवशी गाडीचं चाक, त्याला धरून चालणारा म्हातारा. त्यानंतर ढोल वाजवणारे हात, पण त्यांना माणसं नव्हती; माणसं दोन दिवसांनी आली. आणि ती नेहमी फलकाच्या डाव्या कडेपासून सुरुवात करायची, जणू त्या कडेच्या पलीकडे काहीतरी आधीचं आहे.

एकदा फलक कोरा झाल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. "नसीमा, हे सगळं एकच चित्र आहे का?"

तिनं आधी दाराकडे बघितलं. मग होकाराची मान हलवली.

"कशाचं?"

"आपाच्या लग्नाची वरात. पाड्यावरून निघाली होती, तिची." आपा म्हणजे मोठी बहीण, ती लग्न होऊन सुरतेला गेली होती. "रोज जिथं पुसतं ना मॅडम, ते मी ध्यानात ठेवते. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे काढते. बैल झाले. ढोलवाले झाले. आता चुलत्यांच्या पोरी चालल्यात."

"आणि आधीचं?"

"ते आहे." तिनं कपाळाला, पट्टीच्या जरा वर, बोट लावलं. "इथं आहे. यांना पुसता येत नाही."

नलिनी मॅडम त्या दिवशी घरी गेल्या त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या इतक्या हलक्या पावलांनी. कुणीतरी सापडलं होतं. एवढ्या सगळ्यातून एक पोरगी आपलं चित्र डोक्यात लपवून पुढे नेत होती. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. चौधरी सरांनासुद्धा नाही.

पण पट्टी तिच्या कपाळावर होती.

दिवाळीनंतर केतकी राजहंस गाडीतून उतरली ती थेट चित्रकलेच्या वर्गातच आली. तिचा चेहरा उजळलेला होता. तिनं पडदा पुढे केला. बाकीच्यांच्या रेघा चढत आणि उतरत होत्या. एक रेघ चढली होती आणि उतरलीच नव्हती. शाळा सुटेपर्यंत नाही, सोमवारी पट्टी पुन्हा बांधली तेव्हा नाही, सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळीसुद्धा नाही.

"ही मुलगी कोण आहे, मॅडम? ती काय करते?"

नलिनी मॅडम म्हणाल्या, "काही नाही. चित्र काढते."

पण नसीमा अकरा वर्षांची होती, आणि केतकीनं तिला प्रेमानं विचारलं. आपल्या चित्राबद्दल कुणीतरी इतक्या आस्थेनं विचारतंय, म्हणून तिनं सगळं सांगितलं.

मंडळाचा निर्णय यायला फार दिवस लागले नाहीत. येत्या जूनपासून सर्व शाळांत 'सलग चित्र' पद्धत. पाचवीत प्रत्येक मुलानं एक चित्र मनात धरायचं, रोज त्याचा एक तुकडा काढायचा, तो रोज पुसला जाईल, आणि चित्र दहावीपर्यंत चालू ठेवायचं. ऊर्मी वर्षानुवर्षं उतरणार नाही. केतकी ते सांगायला स्वतः आली होती.

"आणि ते पूर्ण कधी करायचं?" नलिनी मॅडमनी विचारलं.

"दहावीनंतर करतील की."

"दहावीनंतर चित्रकला आहेच कुठे?"

केतकी खिडकीबाहेर बघत राहिली. मैदानावर खो-खो चालला होता. खेळ मधेच सोडून दोन मुली नळाकडे निघाल्या होत्या आणि नळापर्यंत न जाता वाटेतच उभ्या राहिल्या होत्या.

"मी लिहिलंय मॅडम, याबद्दल," ती म्हणाली. "मला काही दिसत नाही असं समजू नका. पण आता हे माझ्या हातात राहिलेलं नाही. आकडे फार चांगले आहेत."

"सुरुवातीला तू मला विचारायचीस, कलेचा फायदा सिद्ध कसा करायचा."

"तुम्हीच म्हणायचात, सिद्ध कर म्हणून."

"हो," नलिनी मॅडम म्हणाल्या. "समितीनं विचारलं म्हणून उपयोग सांगितला. तिथंच उठून यायला हवं होतं." त्यात राग नव्हता. रागावण्यासारखं समोर कुणी नव्हतंच. होती ती एक थकलेली, हुशार बाई, जिनं मुलांचं भलंच करायचं ठरवलं होतं.

त्या रविवारी नलिनी मॅडम वखारीच्या चाळीत गेल्या आणि नसीमाच्या आईला विचारून तिला शाळेत घेऊन आल्या. आई म्हणाली, "न्या मॅडम. घरात तरी कुठं असते ती. बोलायला लागते न् अर्ध्यावर गप बसते."

जुन्या सामानाच्या खोलीत कागदाचं एक भेंडोळं उरलं होतं. मॅडमनी ते व्हरांड्यात भिंतीच्या कडेनं उलगडलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर विटा ठेवल्या. खडू दिले, कोळसा दिला. पट्टी नव्हती, फलक नव्हता. ऊन छान पडलं होतं.

"काढ," त्या म्हणाल्या. "सगळी वरात काढ. पहिल्यापासून. कुणी पुसणार नाही."

नसीमानं कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. ती गुडघे टेकून बसली आणि कोळशानं शिंगं काढायला लागली. तिचा हात असा चालला, की नलिनी मॅडमना श्वास घ्यायचंही सुचेना. शिंगं, जू, बैलांच्या माना. मग एकाएकी हात थांबला. बैलांना पाय व्हायचे होते. नसीमानं कोळसा उचलून हवेत धरला आणि ती वाट बघू लागली.

"काय झालं?"

"पुसलं नाही," ती म्हणाली.

"नाही पुसणार. पुढे काढ."

ती थोडी पुढे सरकली आणि चाक काढायला लागली. बैलांचे पाय राहिले ते राहिलेच. चाक होत आलं आणि हात पुन्हा थांबला. मग म्हातारा, मग ढोलवाल्यांचे हात. प्रत्येक वेळी अगदी थोडं राहिलं की ती थांबे, वाट बघे आणि पुढे सरके. दुपार होत आली तेव्हा कागद बराच भरला होता. पण जुळत नव्हता. बैल एवढे मोठे होते, की मागची गाडी त्यांच्यापुढे खेळण्यासारखी दिसत होती. ढोलवाले वेगळ्याच रस्त्यानं चालले होते. मधे मधे रिकाम्या जागा होत्या, फलकाएवढ्या.

नसीमा उभी राहिली. मागे सरकून तिनं पहिल्यांदाच सगळं एकत्र बघितलं.

"मनात जुळत होतं," ती म्हणाली.

"हरकत नाही. पहिल्यांदा असं होतं. मधल्या जागा भर. बैलांना पाय दे." मॅडम स्वतः खाली बसल्या. "आणि आपा कुठं आहे? नवरी कुठं आहे?"

"ती शेवटी. रोज मी तिला उद्यावर ठेवायची."

"मग काढ की आता."

नसीमानं लाल खडू घेतला. ओढणी काढली, तिची किनार काढली, मेंदीचे हात काढले. चेहऱ्याच्या जागी आली आणि थांबली. या वेळी ती पुढे सरकली नाही, कारण पुढे काही नव्हतंच. ती बराच वेळ त्या कोऱ्या गोलाकडे बघत बसली. ऊन व्हरांड्यातून उतरून मैदानावर गेलं.  एकदा तिनं खडू टेकवला, एक भुवई काढली आणि चटकन हात मागे घेतला.

"मॅडम, चित्र पूर्ण झालं हे कसं कळतं?"

या प्रश्नाचं उत्तर नलिनी मॅडमनी आयुष्यात कितीतरी मुलांना दिलं होतं. ते सोपं होतं. त्यांनी तिच्या कोळशानं माखलेल्या बोटांवर हात ठेवला.

"आतून कळतं, बेटा. हात आपोआप खाली येतो आणि एकदम शांत वाटतं."

नसीमानं त्यावर नीट विचार केला. गणिताच्या तासाला करायची तसा, कपाळाला आठी घालून. ती हुशार मुलगी होती. जिल्ह्यात तिच्याइतकं हुशार कुणी नव्हतं. मग तिनं मॅडमकडे बघितलं.

"शांत म्हणजे कसं वाटतं, मॅडम?"